खांबाला टेकलेला गाल

ता. ९ जानेवारी

ताई,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असणार. म्हणून नुसतं ताई लिहिलंय. चालवून घे.

आम्ही नीट पोचलो. खोली बरी आहे. एक खोली, पुढे स्वयंपाकाला आडोसा, मागे नळ. अशा खोल्यांची ओळच आहे, पण आमची सोडून सगळ्यांना कुलूप. बाकीचे लोक सायकलने येतात आणि सायकलने जातात. हे पहारेकरी, म्हणून आम्हीच तेवढे इथे राहायचं.

तू विचारलंस कसं गाव आहे. ताई, गाव नाहीच. देवळंच देवळं आहेत, आणि एकाही देवळात देव नाही. पूर्वी मोठं शहर होतं म्हणतात. बाजाराचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना दगडी खांब, अजून सरळ उभे. त्यावरून मी चालले की माझ्याच चपलांचा आवाज मागून येतो आणि मी वळून बघते. सकाळी बस भरून लोक येतात, फोटो काढतात, ऊन चढलं की पाणी पाणी करत परत जातात. परवा एका बाईने मला हातानेच बाजूला हो म्हणून सांगितलं. मी कपडे वाळत घालत होते, ते तिच्या फोटोत येत होते म्हणे.

हे दिवसभर बोलतात, पण ते लोकांशी. कोणत्या राजाने काय बांधलं, हत्ती कुठे बांधायचे, सगळं तोंडपाठ. घरी आले की जबडा दुखतो म्हणतात आणि गप्प बसतात. मग मी पण गप्प. बोलायचंच असलं तर मोठ्या मंडपात जाते. त्याचं छत गोल आहे, आपण बोललेलं परत येतं. मी 'ताई' म्हटलं की वरून कुणीतरी 'ताई' म्हणतं. हसू नकोस. तेवढंच माणसात असल्यासारखं वाटतं.

आता खरं लिहिते, पोराचं. भोपळ्याचं डोकं अजून तसंच आहे, तू ठेवलेलं नाव शोभतं. अंगाने भरलाय, रांगतो. पण ताई, तो हल्ली तोंडाने काहीच करत नाही. आधी आ ऊ करायचा, ते बंद झालं. आणि परवा मागच्या फाटकाचा लोखंडी अडसर पडला, मी केवढी दचकले, हा झोपलेला, पापणीसुद्धा न हलवता झोपलेलाच राहिला.

मी मनाला म्हणते, इथे ऐकण्यासारखं आहेच काय. पण मंडपाच्या मागे तळं आहे, दगडी पायऱ्यांचं, खोल. हा उद्या चालायला लागेल. मी हाक मारीन आणि हा थांबणार नाही, हे मला डोळ्यांसमोर दिसतं, दिवसाउजेडी. ह्यांना काही बोलले नाही. बोललं की ते खरं होतं असं वाटतं.

आई असती तर तिला लिहिलं असतं. तिच्या जागी तूच आहेस.

तुझी बारकी


ता. २६ जानेवारी

बारके,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत माझ्या मागाशेजारी उभं राहून वाचलं. वाचताना माझे ओठ हलतात हे तुला माहीत आहे. पलीकडच्या मागावरच्या दोघींनी ते ओठांवरून सगळं वाचलं. तेव्हा तुझी चपलांची गोष्ट आता पूर्ण शेडला माहीत आहे, आणि फोटोवाल्या बाईला इथल्या बायकांनी जे काय म्हटलं ते मी कागदावर लिहू शकत नाही.

तुला बोलायला माणूस नाही, इथे माणसं आहेत आणि आवाज पोचत नाही. शंभर माग एकदम खडखडतात तेव्हा कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नाही. म्हणून सगळं हातांनी आणि ओठांनी. नावं पण खुणेची. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला मिशी पिळून दाखवतो, मला गालावरच्या तिळाला बोट लावून. भांडणं सुद्धा अशीच होतात. काल दोघी इतक्या भांडल्या, इतक्या भांडल्या, आणि जॉबरला पाठ फिरवून उभा असल्यामुळे पत्ताच नाही.

भोपळ्याचं मनावर घेऊ नको. काही पोरं आळशी असतात. तू लहानपणी किती उशिरा बोललीस, मग बोलायला लागलीस ती अजून थांबली नाहीस. झोपेत तर ढोल वाजवला तरी पोरं उठत नाहीत. जागा असताना मागून हाक मारून बघ. आणि त्याला तळ्याकडे नेऊच नको, त्यात काय.

रजा मिळाली की येते. जॉबर मिशी पिळतोय, पण देईल.

तुझी ताई


ता. १४ फेब्रुवारी

ताई,

आधी गोड बातमी, मग बाकी. भोपळ्याला ऐकू येतं.

तू लिहिलंस तशी मी मागून हाक मारून बघितली. दोनदा तो वळला, पण तेव्हा माझी सावली त्याच्या पुढे पडली होती, म्हणून मला ते धरवेना. बाकीच्या वेळी वळला नाही. मी तुला लिहिणारच नव्हते. पण आता ऐक.

त्या गोल छताच्या मंडपात एक खांब आहे, तो गातो. खरंच सांगते. बोटाच्या पेराने टकटक केलं की दगडातून सूर निघतो, तांब्याच्या भांड्यावर मारल्यासारखा, पण मऊ. लोक त्यासाठीच येतात. हे आधी देवळांची सगळी माहिती सांगतात, तोवर लोक जांभया देतात, आणि शेवटी खांब वाजवला की सगळे गप्प. परवा गर्दी कमी होती म्हणून मी पोराला घेऊन गेले. त्याला दगड गार लागतो म्हणून आवडतो, त्याने माझ्या कडेवरूनच वाकून खांबाला गाल टेकवला. नेमकं तेव्हा ह्यांनी वाजवलं.

ताई, त्याचे डोळे एवढे झाले. मग तो हसला, असा हसला की पोट हलायला लागलं. हे थांबले की हा खांबावर थापा मारतो, वाजवा म्हणून. पुन्हा वाजवलं, पुन्हा हसला. पाहुण्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, कान तयार आहे पोराचा, गवई होणार. हे तेव्हापासून छाती काढून फिरताहेत. रोज बस गेली की पोराला नेतात आणि वाजवतात. येणाऱ्या लोकांनाही सांगतात, आमच्या मुलाला खांबाचं गाणं कळतं.

मी त्या दिवशी स्वयंपाक करता करता रडले. इतके दिवस उगाच भीतीने अर्धी झाले होते.

तेव्हा आता डॉक्टरबिक्टर कुणी काढू नका. तू ये आणि स्वतःच बघ. लोक पैसे मोजून ही देवळं बघायला येतात, तुला फुकट.

तुझी बारकी


ता. २० मार्च

बारके,

रजा मंजूर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बसमधून उतरेन. फाटकाशी मला फोटोतून बाजूला करू नकोस म्हणजे झालं. भोपळ्यासाठी शेडमधल्या बायकांनी धाग्याच्या रिकाम्या बॉबिन दिल्यात, रंगीत, पिशवीभर.

ताई


ता. २२ एप्रिल

बारके,

सुखरूप आले. पाय अजून दुखताहेत. तुमच्या त्या शहरात माणसं नाहीत ते बरंच, असती तर चालून चालून मेली असती.

तुझ्या नवऱ्याने मला सगळं दाखवलं, पाहुण्यांना दाखवतात तसंच, एक वाक्य गाळलं नाही. हत्ती कुठे बांधायचे ते मला आता झोपेत विचारलं तरी सांगेन. तू घरात होतीस तेव्हा मी त्या मंडपात जाऊन जॉबरला द्यायची राहिलेली शिवी मोठ्याने देऊन बघितली. ती जशीच्या तशी माझ्याच अंगावर परत आली.

तुझ्या हातचं खाल्लं, तुझ्या शेजारी झोपले, लहानपणासारखं. पण बारके, तू किती कमी बोलतेस गं आता. पत्रात भडाभडा लिहितेस आणि समोर बसलीस की हो, नाही, घे, ठेव. मलाच बडबड करावी लागली.

भोपळ्याने मला लळा लावला. कसा टक लावून बघायचा माझ्या तोंडाकडे. मी तिळाला बोट लावून 'मावशी' म्हटलं की तो पण स्वतःच्या गालाला बोट लावायचा. एवढंसं पोर, दोन दिवसांत शिकलं.

निघायच्या दिवशी माझ्या हातून तुझं पातेलं पडलं, त्याला पोचा आला का? आला असेल तर सांग, नवं पाठवते.

आणि एक. आमच्या शेडच्या मागच्या गल्लीत मोठं हॉस्पिटल आहे, तिथे कानाचे डॉक्टर बसतात. पोराला सर्दी फार होते, कानात उतरली असेल तर बघून घेतलेलं बरं. माझ्याकडेच राहायचं, दोन दिवसांचं काम. तुझ्या नवऱ्याला सांग ताईने बोलावलंय म्हणून.

तुझी ताई


ता. ५ मे

ताई,

पातेल्याला काही झालेलं नाही. पडलं कधी तेसुद्धा मला कळलं नाही, मी चुलीपाशी होते.

भोपळ्याला सर्दी नाही. तू होतीस तेव्हा पण नव्हती. खांब वाजल्यावर तो कसा हसतो ते तू स्वतः बघितलंस, तरी कानाचे डॉक्टर लिहितेस. म्हणजे मी काय समजायचं?

तू आलीस, रंगीत बॉबिन दिल्यास, हातवारे करून त्याला नादी लावलंस आणि गेलीस. तू गेल्यावर तो माझ्यापाशी रमायला तयार नाही. माझ्या तोंडाकडे बघतो, मग मान फिरवतो, जसं काही माझ्या तोंडात काही नाहीच. चार दिवस येऊन पोराला हसवणं सोपं असतं. रोजचं सांभाळणं निराळं. तुला एखादं असतं तर कळलं असतं.

मी कमी बोलते म्हणतेस. कुणाशी बोलू, दगडांशी?

तो आता धरून उभा राहतो. बाकी ठीक.

बारकी


ता. १७ जून

बारके,

मूल नाही ते खरं आहे. पण तुला मीच न्हाऊ घातलंय, भरवलंय, शाळेत ओढत नेलंय, तेव्हा अगदीच काही कळत नाही असंही नाही.

राग आला होता. आता नाही. शेडमधल्या उरलेल्या कापडाचा सदरा शिवलाय, सोबत पाठवतेय. गळा मोठा ठेवलाय, डोकं अडकेल म्हणून.

उत्तर नको लिहूस वाटलं तर. सदरा घाल मात्र.

ताई


ता. १८ ऑगस्ट

ताई,

किती दिवस झाले. सदरा मिळाला त्याच दिवशी घातला होता. डोकं बसतं.

मी हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जे येईल ते तसंच पाठवते.

मागच्या महिन्यात ऑफिसातून माणसं आली आणि गाणाऱ्या खांबाभोवती लोखंडी कठडा बसवून गेली. लोक किल्ल्यांनी, नाण्यांनी ठोकतात, दगडाचे टवके उडतात, म्हणून आता कुणी हात लावायचा नाही. वाजवायचा फक्त ह्यांनी, तो पण साहेब सांगतील तेव्हा. किल्ली ह्यांच्याकडेच आहे, पण हे नियमाचे पक्के. पोराला म्हणाले, आता लांबून ऐकायचं हं.

पहिल्या दिवशी साहेब बघायला आले होते. बसही नुकतीच आलेली, मंडपात बरीच माणसं होती. मी भोपळ्याला घेऊन कठड्याच्या बाहेर उभी राहिले. तो आता चालतो ताई, हात सोडून. ह्यांनी आत जाऊन खांब वाजवला. लोक हं हं करायला लागले. मी पोराच्या तोंडाकडे बघितलं. ह्यांनीही बघितलं, हसत, की आता हा हसेल.

तो खालच्या दगडावरच्या मुंगीकडे बघत होता.

ह्यांनी जोरात वाजवला. सूर सगळ्या मंडपात भरला, माझ्या दातांत जाणवला. तो मुंगीच्या मागे वाकला. ह्यांना वाटलं लक्ष नाही, त्यांनी पुन्हा वाजवला. मी तिथेच दगड झाले. कुणीतरी फोटोसाठी मला सरका म्हणालं, मी सरकले, त्यात माझा हात सुटला. वर बघते तर हा मंडपाच्या मागच्या दारातून बाहेर, तळ्याच्या दिशेने, टुकूटुकू.

मी हाक मारली. ताई, मी आयुष्यात एवढ्याने ओरडले नसेन. त्या छताने ती हाक घेतली आणि चारी बाजूंनी परत टाकली. वरची सगळी कबुतरं उडाली. साहेब वळले, बसमधली माणसं वळली, बाहेर झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. एक तोच नाही वळला. मुंगी बघत होता तसाच रमतगमत, पहिल्या पायरीपाशी पोचला होता.

धरला मी. पायरीवरच धरला. त्याला वाटलं खेळ आहे, हसायला लागला.

हे कठड्याच्या आत उभेच. साहेब काहीतरी विचारत होते, ते ह्यांना ऐकू येत नव्हतं. मग ह्यांनी वळून खांब वाजवायला सुरुवात केली. टकटक, टकटक, थांबेचनात. साहेब म्हणाले, पुरे. लोक म्हणाले, पुरे. बोटाचं पेर सोललं तेव्हा थांबले. घरी येऊन मला एवढंच म्हणाले, इतके दिवस मी कुणाला गाणं ऐकवत होतो?

मला तेव्हा कळलं ते तुला कधीच कळलं असणार. त्याला ऐकू येत नव्हतं. गाल टेकला की दगडाची थरथर लागायची, तिलाच तो हसायचा.

आता पातेल्याचं. ते पडलेलं मला ऐकू आलं होतं. केवढा आवाज झाला, न ऐकायला काय झालं. पण पोरगं माझ्या आणि तुझ्या मधे बसलं होतं. मी वळले असते तर मला त्याच्याकडे बघावं लागलं असतं, तो दचकला का नाही ते. मी चुलीकडे बघत राहिले. आणि वर तुला लिहिलं की कळलंच नाही. वर तुला मूल नाही म्हणून पण लिहिलं.

मला भीती वाटते ताई. आता तळ्याची नाही, तिकडे ह्यांनी काटेरी फांद्या रचल्यात. माझ्यानंतर त्याला हाक कोण मारणार, आणि कशी, ती भीती.

ते हॉस्पिटल अजून आहे का?

बारकी


ता. २७ ऑगस्ट

बारके,

हॉस्पिटल आहे, आणि मी पण आहे. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा नंबर लावून ठेवलाय. बसस्टँडवर उभी असेन.

पातेलं पडलं नव्हतं. मी पाडलं होतं.

दोन दिवस मला शंका येत होती. पोर माझ्या तोंडाकडे बघायचं ते आमच्या शेडमध्ये नवीन मुलगी लागते ना, पहिल्या आठवड्यात घाबरून सगळ्यांची तोंडं बघत असते, तसं. म्हणून त्याच्यामागे उभं राहून पातेलं सोडलं. तो हातातली बॉबिन फिरवत बसला. मग मी तुझ्याकडे बघितलं. तुझी मान वळली नाही, पण खांदे वर गेले, लहानपणी मार बसणार कळल्यावर जायचे तसे. तेव्हाच मला समजलं की तुला ऐकू आलंय, आणि तुला माहीत आहे. मी तेव्हाच तुला जवळ घ्यायला हवं होतं. मी पातेलं उचललं, पुसलं आणि जागेवर ठेवलं. मग पत्रात सर्दीचं सोंग आणलं. शहाणी मोठी बहीण.

तेव्हा तू लपवलंस त्याचं एवढं करू नको, मी पण काही कमी नाही.

डॉक्टर काय म्हणतील मला माहीत नाही. पण एक सांगते. आमच्या शेडमध्ये कुणालाच काही ऐकू येत नाही, आणि दिवसभर एकही बाई गप्प बसत नाही. चहाड्या होतात, लग्नं जुळतात, गेल्या महिन्यात तर एकीने खुणांनी असा विनोद सांगितला की दुसरीचा धागा तुटला आणि जॉबरने आम्हा सगळ्यांना झापलं, म्हणजे मिशी हलली, शब्द कुणाला ऐकू आले नाहीत. भोपळ्याला इथे आणलंस की कुणी त्याला बिचारा म्हणणार नाही. उलट तुलाच म्हणतील, ही नवीन आहे, हिला बोलता येत नाही.

बसमध्ये खिडकीची जागा धर. त्याला उलटी होईल.

ताई


ता. १२ नोव्हेंबर

ताई,

तुझ्याकडून आल्यावर घर इतकं लहान वाटलं. ओळीतल्या सगळ्या कुलपांना मी येताना हात लावून आले, लागलीत का बघायला. कुणी आलंय का ते बघत होते खरं तर.

डॉक्टरांनी सांगितलेलं ह्यांना नीट सांगितलं. एका कानात अगदी थोडं आहे, दुसऱ्यात नाही. यंत्र मिळेल, लावून बघायचं, कितपत लागू पडेल ते आत्ता सांगता येत नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पण तो हसायचा ते खरं ना? मी म्हटलं, ते खरं. डॉक्टरांनाही मी खांबाचं सांगितलं होतं, ते म्हणाले थरथर त्याला चांगली कळते. मग ह्यांनी बरं म्हटलं. त्यानंतर रोज शेवटची बस गेली की हे कठड्याचं कुलूप काढतात. नियमाचे पक्के, पण कुलूप काढतात. पेर जपून वाजवतात.

हे लोकांना अजून सांगतात, आमच्या मुलाला खांबाचं गाणं कळतं. मी अडवत नाही.

तुझ्या शेडमधल्या बायकांनी शिकवलेलं सगळं त्याच्या लक्षात आहे. पाणी, दे, नको, ये. मला तेवढं पटपट येत नाही, तो हसतो मला. आणि एक नवीन खूळ काढलंय. तुझ्याकडे त्या संध्याकाळी त्याला ताप होता, मी उराशी धरून तुझ्याशी बोलत बसले होते, आठवतं? तेव्हापासून तो माझ्या छातीला गाल लावतो आणि थाप मारतो, खांबाला मारायचा तशी. म्हणजे मी बोलायचं. काहीही बोललं तरी चालतं. मी भांडी घासण्यापासून हत्तींपर्यंत सगळं बोलते. थांबले की थाप. ताई, माझं तोंड दुखायला लागलंय. ह्यांचा जबडा का दुखतो ते आता कळलं. इतकं मी ह्या जागी आल्यापासून बोलले नव्हते.

एकटं वाटायचं ते वाटतंच. खोटं कशाला लिहू. बस जाते तेव्हा धूळ खाली बसेपर्यंत मी अजून बघत उभी राहते. चपलांचा आवाज येतो, पण वळून बघत नाही. मागे कुणी नसतं हे आता माहीत झालंय, आणि पुढे हा चालत असतो, त्याच्यावरून नजर काढायची सोय नाही.

तो माणसांना नावं देतो आता. तुझं नाव गालावरचा तीळ, अजून. ह्यांचं नाव मूठ मिटून हवेत टकटक. साहेबांनाही दिलंय, पोट फुगवून दाखवतो, मी साहेबांसमोर त्याचे हात धरून ठेवते. माझं नाव काही त्याने दिलं नव्हतं. मी विचारलं पण नाही. वाटलं, मी तर कायमच जवळ असते, मला कशाला नाव लागतंय. पण वाट बघत होते, तुला म्हणून सांगते.

काल संध्याकाळी मंडप रिकामा होता. ह्यांनी कुलूप काढलं. मी दाराशी बसले होते, तळ्याच्या बाजूला. भोपळ्याने ह्यांच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या तळहातावर गाल टेकवला, असा, कलता. ती त्याची खांबाची खूण. ह्यांनी त्याला उचलून खांबापाशी नेलं. तो पाय झाडून खाली उतरला. मान हलवली, नको. पुन्हा तसाच तळहातावर गाल ठेवला, आणि दुसऱ्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

हे म्हणाले, तुला बोलावतोय.

मी उठून गेले, त्याला घेतलं. त्याने गाल टेकवला आणि थाप मारली. मी बोलले. छताने ते सगळं परत म्हणून दाखवलं, पण ते ऐकायला मी थांबले नाही. मला पुढचं बोलायचं होतं.

तुझी बारकी